गाडी दारात असताना केएमटीची वाट कोण पाहणार?

१/ कोल्हापुरातील नोकरदार सकाळी दुचाकीची किल्ली उचलतो, तेव्हा तो निर्णय आपलाच आहे, असे त्याला वाटते. वस्तुतः त्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/ १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली. स्थानक जुन्या शहराबाहेर होते. १८९५ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी त्याच्याजवळ शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली. पुढे उद्यमनगरात कारखाने उभे राहिले. शहर वाढले, तरी कामाची जागा पायी वा सायकलने गाठता येण्याजोगी होती.

३/ १९६२ मध्ये केएमटी सुरू झाली. त्या काळात परवाना पद्धतीमुळे स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. बसला गर्दी असे, ती बहुतांशी दुसरा पर्याय नव्हता म्हणून.

४/ त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. काम दूर गेले : पंचगंगेपलीकडे शिरोली, दक्षिणेस गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. आणि वाहन जवळ आले : १९७२ मध्ये पुण्याहून लूना आली, तर १९८० च्या दशकात जपानी कंपन्यांच्या सहकार्याने नव्या दुचाक्या आल्या.

५/ गाडी दारात आली की हिशेबच बदलतो. तिची किंमत आणि विमा आधीच भरलेला असतो. रोज मोजले जाते ते केवळ पेट्रोल. तिकिटाचे पैसे मात्र प्रत्येक फेरीला मोजावे लागतात. त्यात थांब्यावरची प्रतीक्षा आणि पाळी चुकण्याची धास्ती. वाटेत मुलाला शाळेत सोडायचे असेल, तर प्रश्नच मिटला.

६/ प्रत्येकाचा हिशेब बरोबर, पण बेरीज चुकते. प्रवासी घटले की उत्पन्न घटते, मग फेऱ्या कमी होतात, प्रतीक्षा वाढते आणि आणखी एक जण किल्ली उचलतो. थांब्यावर उरतात ते गाडी नसलेले : विद्यार्थिनी, वृद्ध, घरकामाला जाणाऱ्या स्त्रिया.

७/ ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक कित्येक दिवस ठप्प झाली. किल्ली खिशात होती, रस्ता पाण्याखाली होता. वाहन खासगी असले, तरी प्रवास कधीच पूर्णतः खासगी नसतो.

८/ आज घरातील वडीलधाऱ्यांना एवढेच विचारा : पहिल्या नोकरीला तुम्ही कशाने जात होता, आणि ते का सोडले? आपल्या शहराच्या इतिहासाचे एक पान त्या उत्तरात सापडेल.