पहिल्या घटकेचे वैद्यक

विदर्भाच्या दक्षिण सीमेजवळ, नागपूरहून तुळजापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, महागाव हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. पूस आणि पैनगंगा ह्या नद्यांच्या खोऱ्यातील ही काळी जमीन कपाशीची. भाद्रपदाच्या सुमारास येथील वावरात माणूस शिरला म्हणजे पीक कमरेच्या वर आलेले असते, पायाखाली साप-विंचवाचा संभव असतो, आणि पाठीवर पुष्कळदा फवारणीचा पंप असतो. अशा वेळी एखादा मजूर बांधावर कोसळला, तर त्याच्याजवळ प्रथम कोण पोहोचते? जिल्ह्याचे वैद्यकीय महाविद्यालय यवतमाळ शहरी. तेथे जावयाचे म्हणजे आर्णीवरून लांबचा रस्ता. प्रथम पोहोचते ती त्याची बायको, किंवा शेजारच्या वावरातील गडी. मग गावातील आशाताई. मग जीपगाडीचा ड्रायव्हर. त्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रातील तरुण डॉक्टर. आणि तोवर प्राण टिकला असेल तर सर्वांच्या शेवटी अतिदक्षता विभागातील तज्ज्ञ.

आणीबाणीच्या वैद्यकाची खरी अडचण ह्या क्रमातच आहे. ज्याच्यापाशी विद्या सर्वांत अधिक तो रोग्यास सर्वांत उशिरा भेटतो. आणि जो सर्वांआधी भेटतो, त्यास कोणी काही शिकविलेले नसते. इतर रोगांत हे खपून जाते; कारण तेथे आठवडा-दोन आठवड्यांची सवड असते. येथे मात्र निकाल पुष्कळदा पहिल्या घटकेतच लागून जातो. श्वास थांबला तर मेंदू चार-पाच मिनिटांपलीकडे धीर धरीत नाही. म्हणून ह्या वैद्यकाचा इतिहास हा केवळ नव्या औषधांचा व यंत्रांचा इतिहास नव्हे. तीच विद्या ज्याच्या त्याच्या हाताला पेलेल अशा आकारात कोणी, केव्हा आणि कशी घडविली, ह्याचाही तो इतिहास आहे.

हा विचार प्रथम युद्धभूमीवर सुचावा, हे स्वाभाविक होय. फ्रीड्रिश एस्मार्ख हे जर्मनीतील कील शहरचे नामांकित शस्त्रवैद्य. लढायांत जखमी शिपाई शस्त्रवैद्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच रक्तस्रावाने दगावतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. १८८२ च्या सुमारास त्यांनी कील येथे सामान्य नागरिकांसाठी प्रथमोपचाराचे वर्ग सुरू केले. ह्या व्याख्यानांचे इंग्रजी भाषांतर व्हिक्टोरिया राणीच्या कन्येने, हेलेना हिने, त्याच वर्षी केले. अर्धवट विद्या लोकांच्या हाती दिल्यास अनर्थ होईल, असा आक्षेप त्या वेळी वैद्यांकडूनच निघाला. तो आक्षेप पुढे प्रत्येक देशात व प्रत्येक पिढीत पुन्हा पुन्हा निघत राहिला; आणि त्याचे उत्तर वादाने नव्हे, तर प्रयोगाने द्यावे लागले.

असा एक प्रयोग अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरी झाला. तोंडाने श्वास देण्याच्या पद्धतीचे एक प्रवर्तक डॉ. पीटर साफर ह्यांनी १९६७ मध्ये तेथील कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील बेकार तरुणांना हाताशी धरले. त्यांतील कित्येकांचे शालेय शिक्षणही पुरे झालेले नव्हते. त्यांना शरीरशास्त्रापासून श्वासनलिकेत नळी घालण्यापर्यंत सर्व शिकवून ‘फ्रीडम हाऊस’ ह्या नावाने रुग्णवाहिकेचे पथक उभे केले. त्यापूर्वी रुग्णवाहिका म्हणजे रोगी वाहून नेणारी गाडी एवढाच अर्थ होता. ह्या तरुणांनी तिला फिरते रुग्णालय बनविले. १९७५ मध्ये हे पथक बंद झाले. तरी त्यांच्या वैद्यकीय संचालिका डॉ. नॅन्सी कॅरोलाईन ह्यांनी तयार केलेला अभ्यासक्रम पुढे साऱ्या देशात मार्गदर्शक ठरला. ह्याच साफर ह्यांच्या पद्धतीचा सराव करता यावा म्हणून नॉर्वेतील ओस्मुंड लेर्डाल नामक खेळणी बनविणाऱ्या कारखानदाराने १९६० मध्ये माणसाच्या आकाराची बाहुली तयार केली. शिकणारा बदलला की शिकविण्याचे साधनही बदलावे लागते, ह्याचे हे उत्तम उदाहरण होय.

आता महाराष्ट्राकडे वळू. १९७६ मध्ये नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेले एक तरुण पदवीधर, डॉ. हिंमतराव बावस्कर, महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातील तांबड्या विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे, विशेषतः मुले, एक-दोन दिवसांत दगावत. पाठ्यपुस्तकात ह्या दंशाविषयी फारसे काही सांगितलेले नव्हते. डॉ. बावस्कर रोग्याच्या उशाशी बसून नोंदी करू लागले. उलटी, दरदरून घाम, थंडगार हातपाय, चढलेला रक्तदाब, आणि शेवटी फुप्फुसांत पाणी भरून येणारा मृत्यू, हा क्रम त्यांनी निश्चित केला. प्राणसंकट येण्यापूर्वी दिसणारी ही पूर्वचिन्हे त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या विलायती वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली.

पुढची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. विषामुळे आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे एक औषध त्यांनी प्रथम वापरले. ते गुणकारी होते. परंतु ते शिरेतून थेंबथेंब द्यावे लागे, आणि रोग्यावर क्षणोक्षणी पहारा ठेवावा लागे. म्हणजे ते अतिदक्षता विभागाचे औषध होते. खेड्यातील दवाखान्याचे नव्हते. डॉ. बावस्कर ह्यांनी मग प्राझोसिन हे औषध योजिले. रक्तदाबाच्या रोग्यांना दिली जाणारी ही साधी, स्वस्त गोळी, पोटात द्यावयाची. तिचा अनुभव १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झाला. पूर्वी ज्या गंभीर दंशात शंभरांपैकी तीस ते चाळीस रोगी दगावत, तेथे हे प्रमाण दोन-तीनांवर आले. रोग तोच, तत्त्वही तेच. परंतु उपाय कोणाच्या हातून व्हावयाचा आहे, ह्याचा विचार करून तो बदलला गेला. आरोग्य केंद्रातील एकटा डॉक्टर जे करू शकेल तेच त्यास शिकविण्यात अर्थ असतो, हे ह्या गोळीने दाखवून दिले.

परंतु जेथे डॉक्टरच नाही तेथे काय करावे? ह्या प्रश्नाचे उत्तर विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, शोधले गेले. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग हे पतिपत्नीही नागपूरच्याच वैद्यकीय महाविद्यालयातले. १९८६ मध्ये त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तेथील बालमृत्यूंचे एक मोठे कारण न्यूमोनिया, असे त्यांना आढळले. न्यूमोनिया झालेल्या बालकाचा श्वास वेगाने चालतो. मिनिटाला किती श्वास होतात ते मोजले की निदान पुष्कळसे होऊन जाते. पण खेड्यातील सुईण निरक्षर. तिला दहा-बारापलीकडे मोजता येत नव्हते, आणि हातात घड्याळही नव्हते. आता सुईणीला पन्नासपर्यंत अंक शिकवीत बसावयाचे, की तिच्या गणतीला पुरेल असे साधन करावयाचे?

बंग दांपत्याने दुसरा मार्ग पत्करला. एका लाकडी चौकटीत एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन रांगा, असे हे साधन होते. दोन महिन्यांखालील तान्ह्यासाठी एक रांग, मोठ्या बालकासाठी दुसरी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा; वाळू संपण्यापूर्वी रांगेतील शेवटचा तांबडा मणी सरकला, तर न्यूमोनिया समजून औषध द्यावयाचे. ह्या साधनाने सुईणीच्या हाती निदानाची कसोटी आली. सुईणी, गावातील आरोग्यसेवक आणि निमवैद्यकीय कर्मचारी अशा तीन प्रकारच्या लोकांनी मिळून न्यूमोनियाच्या ६१२ आजारांवर उपचार केल्याची नोंद १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ०.८ होते, जेथे ही योजना नव्हती त्या गावांत ते शेकडा १३.५ होते.

१९९५ नंतर ह्याहून अवघड काम हाती घेण्यात आले. ३९ गावांत पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकाची घरीच काळजी घेण्यास शिकविले गेले. जन्मताच न रडणाऱ्या, गुदमरलेल्या बालकास श्वास देणे हा त्यांतील कसोटीचा भाग. आरंभी सुईणी तोंडाने फुंकर घालीत. १९९६ पासून आरोग्यदूत स्त्रियांना नळी व मुखवटा देण्यात आला. १९९९ पासून हाताने दाबावयाची पिशवी व मुखवटा आला. एकेक पायरी पक्की झाल्यावरच पुढची शिकविली गेली. जंतुदोष झालेल्या बालकास इंजेक्शन देण्याचे कामही त्यांच्यावर सोपविण्यात आले, आणि एस्मार्ख ह्यांच्या काळचा तोच आक्षेप येथेही उभा राहिला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या अहवालात त्याचे उत्तर होते : जंतुदोष झालेल्या बालकांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा १६.६ वरून २.८ वर आले, आणि तिसऱ्या वर्षी एकंदर नवजात मृत्यूंत शेकडा ६२ घट दिसून आली. २०११ मध्ये केंद्र सरकारने ह्या पद्धतीच्या आधारे आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात बालकांच्या घरभेटी सुरू केल्या. मात्र इंजेक्शनाचा भाग तीत घेतला नाही.

ह्या यशोगाथांवरून कोणासही वाटेल की विद्येचे लहान लहान तुकडे करून वाटले म्हणजे काम भागले. तसे नाही, आणि ते का नाही, हे समजण्यासाठी पुन्हा यवतमाळ जिल्ह्यात यावे लागते. २०१७ च्या पावसाळ्यात येथील कपाशी नेहमीपेक्षा उंच वाढली होती. फवारणीचे तुषार मजुरांच्या छातीवर, तोंडावर येत होते; अंगावर पुरेसे संरक्षण नव्हते; एकाहून अधिक कीटकनाशके मिसळून मारली जात होती. त्या हंगामात जिल्ह्यात विषबाधेने वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले.

फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांच्या विषबाधेत रोग्यास घाम सुटतो, लाळ गळते, उलट्या होतात आणि छाती द्रवाने भरून येते. तांबड्या विंचवाच्या दंशातही घाम, लाळ, उलटी आणि अखेर छातीत पाणी! शेत तेच, हंगाम तोच, आणि वरवर पाहता चिन्हेही तीच. परंतु फवारणीच्या विषावर ॲट्रोपिनचे इंजेक्शन प्राण वाचविते. आणि तेच ॲट्रोपिन विंचवाच्या दंशात घातक ठरते, असा डॉ. बावस्कर ह्यांचा इशारा आहे. शिवाय बाजारात अशीही कीटकनाशके आहेत की ज्यांवर उताराच नाही. म्हणून आरोग्य केंद्रातील डॉक्टरास केवळ नियम पाठ असून चालत नाही. बाहुल्या टाचणीएवढ्या बारीक झाल्या आहेत की विस्फारल्या आहेत, अंगाला औषधाचा वास येतो आहे काय, दंशाच्या जागी वेदना आहे काय, हे पाहून निवड करण्याची दृष्टी त्यास हवी.

मजुराच्या बायकोस हे सारे ठाऊक असण्याची गरज नाही. तिला तीनच गोष्टी कळल्या तरी पुष्कळ : विषाने भिजलेले कपडे हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून ताबडतोब काढावे, अंग साबणपाण्याने धुवावे, आणि औषधाचा डबा रोग्याबरोबर दवाखान्यात न्यावा. ड्रायव्हरास हे कळावे, की तोंडातून फेस येणाऱ्या बेशुद्ध माणसाला उताणे न निजविता कुशीवर निजवावे. आशाताईस हे कळावे, की घाम व उलटी ही उन्हाची चिन्हे समजून वाट पाहत बसू नये. विद्या एकच; पण प्रत्येकाची वाटणी निराळी, आणि एकाची वाटणी चुकली तर पुढच्याची व्यर्थ जाते. रोगी मेलेलाच आला, तर यवतमाळच्या तज्ज्ञाची सारी विद्या काय कामाची?

शासनानेही ह्या विषयाचे महत्त्व क्रमाक्रमाने मान्य केले आहे. भारतात आणीबाणीच्या वैद्यकास स्वतंत्र पदव्युत्तर विषयाची मान्यता २००९ मध्ये मिळाली. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ मध्ये धावू लागली, आणि तीत आयुर्वेदाच्या पदवीधरांनाही डॉक्टर म्हणून नेमून शिकविण्यात आले. ही प्रगती थोडी नव्हे. परंतु शिकविलेले हात वापर नसेल तर विसरतात. ज्या आशाताईने वर्षभरात एकही गुदमरलेले बालक पाहिले नाही, तिला पिशवी व मुखवटा पुन्हा हाती देऊन सराव करविलाच पाहिजे. कपाशीची फवारणी दरसाल येते, विंचू दरसाल निघतात. म्हणून हे शिक्षणही दरसाल, हंगामाच्या आधी, व्हावयास हवे. तहान लागल्यावर विहीर खणू नये, ही म्हण आपल्याकडे जुनी आहे. महागावच्या बांधावर ती विहीर म्हणजे मजुराच्या बायकोने ज्येष्ठातच, पहिली फवारणी होण्यापूर्वी, ऐकून व करून पाहिलेल्या त्या तीन गोष्टी होत.