लिनक्सच्या वेगळ्या चुली

लिनक्सच्या इतक्या डिस्ट्रो कशाला, हा प्रश्न मी कित्येक वर्षं ऐकतो आहे. विचारणारा बहुधा वैतागलेला असतो आणि त्याचा वैताग रास्तच असतो. प्रोग्राम एकच, पण एकीकडे तो 'डेब' स्वरूपात हवा, दुसरीकडे 'आरपीएम'. (सगळीकडे चालेल असं एकच पॅकेज करू म्हणून लोक कामाला लागले, तर स्नॅप, फ्लॅटपॅक आणि अ‍ॅपइमेज अशी तीन निघाली. असो.)

मुळात या घराण्याचा इतिहासच वेगळ्या चुलींचा आहे. लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ साली दिला तो नुसता कर्नल. त्याभोवती बाकीचं सामान रचून वापरण्याजोगी व्यवस्था उभी करणं हे दुसऱ्यांचं काम. १९९२ साली 'एसएलएस' नावाचा असा एक संच आला, आणि त्यातल्या चुकांना कंटाळूनच १९९३ साली दोन नव्या चुली पेटल्या : पॅट्रिक व्होल्कर्डिंगचं स्लॅकवेअर आणि इयन मर्डॉकचं डेबियन. दोन्ही आजही चालू आहेत. एसएलएस कधीच संपलं.

एकत्र येण्याचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. २००२ साली जर्मनीची सुसे, अमेरिकेची कॅल्डेरा, ब्राझीलची कोनेक्टिवा आणि टर्बोलिनक्स यांनी मिळून 'युनायटेडलिनक्स' काढलं. एकच पाया, वर प्रत्येकाची आपापली पाटी. सगळ्यात मोठा भाऊ रेड हॅट मात्र बाहेरच राहिला. कॅल्डेरानं दरम्यान एससीओ हे नाव घेतलं आणि मार्च २००३ मध्ये आयबीएमवर खटला भरला. आपल्या मालकीचा युनिक्सचा कोड लिनक्समध्ये घुसवल्याचा तिचा आरोप होता. म्हणजे एकत्र कुटुंबातल्या एका भावानं घराच्या पायावरच दावा ठोकला. जानेवारी २००४ मध्ये तो संसार मोडला. या फसण्याला मी केवळ दुर्दैव मानत नाही. एकच पाया ठेवला की त्यातल्या एकाची बुद्धी फिरली तरी सगळे अडकतात.

पण वेगळेपणाची किंमतही खरी आहे, आणि तिचं सगळ्यात बोचरं उदाहरण डेबियनचंच. डिस्ट्रो बांधणारे मूळ प्रोग्राममध्ये आपापले बदल करतात. २००६ साली डेबियनमध्ये ओपनएसएसएलला असंच एक ठिगळ लागलं. तपासणीचं एक साधन कुरकुर करत होतं, म्हणून कोडमधला थोडा भाग काढला गेला. पण गुप्त किल्ल्या बनवण्यासाठी लागणारी यादृच्छिकता त्यातूनच येत होती. उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे जेमतेम ३२ हजार शक्यता. एवढ्या किल्ल्या साध्या संगणकावरही आधीच बनवून ठेवता येतात. हे उघडकीला आलं मे २००८ मध्ये. डेबियनवर आधारलेलं उबुंटूही त्यात सापडलं, आणि मधल्या काळात बनलेल्या किल्ल्या लोकांना बदलाव्या लागल्या. सगळ्या डिस्ट्रो मूळ कोड जसाच्या तसा वापरत असत्या, तर हे घडलं नसतं. दुसरीकडे, रेड हॅट आणि सुसेवाल्यांना याची झळ पोचली नाही, कारण ते ठिगळ त्यांच्या घरात नव्हतंच. एकाच घटनेतून दोन्ही पक्षांना पुरावा मिळतो.

तरीही माझा कौल वेगळ्या चुलींच्याच बाजूनं आहे, आणि त्याचं कारण सेंटॉस. रेड हॅटच्या विकतच्या व्यवस्थेची ही फुकट प्रतिकृती असंख्य सर्व्हरवर चालत होती, आणि २०१४ पासून तो प्रकल्प रेड हॅटच्याच छत्राखाली होता. सेंटॉस ८ ला २०२९ पर्यंत आधार मिळेल असं लोक धरून चालले होते. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटनं ते २०२१ अखेरीसच बंद होणार असं जाहीर केलं. एखाद्या बंदिस्त व्यवस्थेत असं झालं असतं, तर गिऱ्हाइकानं तक्रारअर्ज लिहिला असता. इथे कोड खुला होता आणि वेगळं निघायची रीत जुनीच होती. सेंटॉसच्याच संस्थापकांपैकी ग्रेगरी कर्टझर यांनी लगेच रॉकी लिनक्सची घोषणा केली. क्लाउडलिनक्स कंपनीनं अल्मालिनक्स हाती घेतलं. अल्मा मार्च २०२१ मध्ये आलं, रॉकी जूनमध्ये. वर्ष संपून सेंटॉस ८ थांबलं तेव्हा सर्व्हर सांभाळणाऱ्यांपुढे दोन घरं तयार होती, आणि त्यातलं कोणतं बरं यावर भांडणंही सुरू झाली होती.