भिडू कुठे गेला? पच्चीसीपासून पार्टी गेमपर्यंत

विषय ऐकून काही जण म्हणतील, इतिहासाच्या पॉडकास्टवर व्हिडिओ गेम कशाला? सांगतो. यंदाच्या आखाजीला एका नव्या गेमने आमच्या अख्ख्या घराचा विरस केला. तो का झाला हे शोधता शोधता मी थेट सोंगट्या-कवड्यांपर्यंत जाऊन पोचलो.

खानदेशाबाहेरच्या श्रोत्यांसाठी आधी थोडं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे हा दिवाळीच्या तोडीचा सण. लेकीबाळी माहेरी येतात, झोके बांधले जातात, खापरावरचे मांडे आणि आमरस होतो. आणि बाहेर ऊन एवढं की दुपारी घरात बसून खेळण्याशिवाय दुसरा उद्योग नसतो. ओट्यावर पत्ते आणि घरात पट.

आमचं गाव शहादा तालुक्यातलं. माझ्या लहानपणी वडील आणि काका यांची वाटणी झाली आणि विहिरीच्या पाण्यावरून दोघांचं बोलणं बंद पडलं. वर्षभर एकमेकांच्या दारात पाय नाही. पण आखाजीला आजी पट मांडायची आणि दोघांना समोरासमोर बसवायची. समोरासमोर बसलेले दोघे म्हणजे भिडू. मग "ती सोंगटी नको, ही चालव" एवढं तरी बोलावंच लागायचं. पुढे दोन-तीन वर्षांनी पाण्याच्या पाळ्याही ठरल्या. त्या पटामुळेच ठरल्या असं मी म्हणणार नाही, पण बोलायची सुरुवात तिथेच झाली होती.

आता इतिहासाकडे येऊ. आजीचा तो पट म्हणजे पच्चीसीच. कवड्यांचं मोठं दान पंचवीसचं, म्हणून पच्चीसी. फतेहपूर सिक्रीला अकबराच्या महालाच्या आवारात दगडी फरशीवर आखलेला भला मोठा पट आजही बघायला मिळतो. या खेळाचा गाभा काय, तर भिडू. तुमच्या चारही सोंगट्या घरी पोचल्या तरी तुम्ही जिंकत नाही, भिडूच्याही पोचाव्या लागतात. त्यामुळे पुढे गेलेला खेळाडू मुद्दाम मागे थांबतो, भिडूच्या वाटेतला शत्रू मारून देतो.

हाच खेळ इंग्लंडमध्ये गेला आणि १८९६ साली लुडो या नावाने त्याचं पेटंट झालं. कवड्या जाऊन फासा आला, नियम सोपे झाले आणि भिडू गळाला. चार रंग, चार माणसं, ज्याचं त्याने बघायचं. तोच लुडो आपल्याकडे परत आला, सापशिडीच्या पाठीवर छापून. २०१६ साली नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने लुडो किंग काढला आणि २०२० च्या लॉकडाउनमध्ये तो घराघरातल्या फोनवर दिसायला लागला. थोडक्यात, चालू मालिकेत नवा भाग येतो, तो सोपा असतो, आणि त्यातून काहीतरी निसटतं, हे काही आजचं नाही.

व्हिडिओ गेममध्ये अशी सगळ्यात गाजलेली मालिका म्हणजे मारिओ पार्टी. गंमत बघा, आपला नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला १ जुलै १९९८ ला, आणि पहिला मारिओ पार्टी जपानमध्ये आला १८ डिसेंबर १९९८ ला. दोघं एकाच वयाचे! अर्थात तेव्हा आमच्याकडे कुठला मारिओ पार्टी. आमच्याकडे होती सुरतेहून आणलेली, फुंकर मारून चालवायची कॅसेट. रिमोट दोनच, आणि पाळीसाठी रांगेत दहा पोरं.

तिकडे निन्टेन्डो ६४ या यंत्राला मुळातच चार रिमोट जोडायची सोय होती, आणि तिचा पुरेपूर वापर हडसन सॉफ्टने या खेळात केला. पडद्यावर पट, प्रत्येकाचा फासा, प्रत्येकाची सोंगटी, फेरी संपली की एक छोटा खेळ. भुताला पैसे देऊन दुसऱ्याचा तारा चोरता यायचा. शेवटी बोनस तारे वाटले जायचे, म्हणजे जिंकत आलेला माणूस हरायचा आणि आरडाओरडा व्हायचा. काही छोट्या खेळांत रिमोटची दांडी इतकी गरगर फिरवावी लागे की पोरांच्या तळहाताला फोड आले. प्रकरण न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलपर्यंत गेलं आणि २००० साली कंपनीने हातमोजे द्यायचं कबूल केलं.

मग २०१२ साली आला नववा भाग. हडसनच्या जागी एनडी क्यूब ही नवी मंडळी आली होती. त्यांनी चौघांना एकाच गाडीत बसवलं. ज्याची पाळी त्याने फासा टाकायचा आणि गाडी सगळ्यांना घेऊन पुढे. डाव आटोपशीर झाला, पण जुने चाहते नाराज झाले. बरोबरच आहे. सगळे एकाच गाडीत असतील तर कोण कोणाला गाठणार? २०१५ च्या दहाव्या भागातही गाडी राहिली. २०१८ ला ती काढली आणि दोघादोघांच्या जोडीने खेळायचा एक प्रकारही दिला, पण पट चारच, ही तक्रार झाली. २०२१ ला मात्र निन्टेन्डो ६४ च्या काळातले पाच पट नव्याने सजवून परत आणले.

म्हणजे लुडोने भिडू काढला आणि गाडीने वैरी काढला. दोन्ही वेळा खेळ सुटसुटीत झाला, पण माणसांना एकमेकांशी बांधणारा धागा तुटला. पार्टी गेमची खरी परीक्षा हीच असते असं मला वाटतं. चित्रं किती भारी, यापेक्षा त्या डावामुळे समोरच्याशी बोलावं लागतं का, हे बघायचं.

यंदा भाच्याने पुण्याहून एक नवा पार्टी गेम आणला. नाव घेत नाही. मागचा भाग आम्ही दोन आखाजी धुमाकूळ घालत खेळलो होतो, म्हणून सगळे जेवण उरकून टीव्हीसमोर बसले. या भागात मात्र प्रत्येकाने आपापल्या फोनवर ॲप घ्यायचं, निम्मे पट वेगळे पैसे देऊन उघडायचे, आणि आपली पाळी नसेल तेव्हा नुसतं बसायचं. तिसऱ्या फेरीला ताई रील बघत होती आणि काकांना डुलकी लागली होती. आईने विचारलं, "हाऊ काय खेय शे रे भाऊ?" भाचा बिचारा ओशाळला.

संध्याकाळी आईने कवड्यांचा डबा काढला. भाच्याला भिडू मिळाले काका. पहिल्याच डावात त्याने स्वतःची सोंगटी पळवली आणि काकांची मरू दिली. काका ओरडले, "अरे, मी तुझा कोण आहे?"

पोरगं दचकलं. मग हसून म्हणालं, "भिडू."

तुमच्या घरी कोणता खेळ मांडला जायचा, आणि त्यात भिडू होता का, तेवढं नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.