राणीच्या बागेतलं दुसरं घर

भायखळ्याच्या राणीच्या बागेत आपण वाघ, पक्षी बघतो आणि परततो. त्याच आवारात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. ते १८७२ साली लोकांसाठी उघडलं. भाऊ दाजींचं नाव त्याला १९७५ मध्ये मिळालं.

हे भाऊ दाजी मूळचे गोव्याचे. डॉक्टर होण्याआधीच, १८४७ च्या सुमारास, त्यांनी कच्छ-काठेवाडात जन्मलेल्या मुलींना मारण्याच्या चालीवर निबंध लिहिला. त्याला सहाशे रुपयांचं बक्षीस मिळालं. पुढे महाराष्ट्रात गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा यायला १९८८ साल उजाडलं. मुलगी जगावी म्हणून लेखणी उचलणारी माणसं आपल्याकडे इतकी आधीपासून होती, हे आपल्या लेकींना कळायला हवं.

आत मातीचे छोटे पुतळे आहेत. जुन्या काळच्या माणसांचे पोशाख, त्यांचे कामधंदे त्यांत दिसतात. राजांच्या तलवारींइतकाच हाही इतिहास. संग्रहालयाच्या व्याख्यानांतून, व्हिडिओंतून त्याची माहिती मिळते. बचत गटाच्या बैठकीत एखादा व्हिडिओ मिळून बघूया.

मुंबईत नातलगांकडे उतरलात, तर मुलुंड-घाटकोपरहून धीमी लोकल थेट भायखळ्याला जाते. अंधेरी-बोरिवलीहून दादरला गाडी बदलायची. जाताना लेकीला, सुनेला सोबत घ्या.