सामोदचा राजवाडा आणि आपली खंडणी

आज आपण जयपूरला जाणार आहोत, पण हवामहल बघायला नाही. शहराच्या उत्तरेला साधारण 40 किलोमीटरवर, अरवलीच्या डोंगरांमध्ये सामोद नावाचं गाव आहे. डोंगराच्या पायथ्याशी तिथल्या ठिकाणेदारांचा, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत जहागीरदारांचा, राजवाडा आहे. 1987 पासून तिथे हॉटेल चालतं. मुक्कामाला गेलात तर शीशमहाल बघालच. पण या घराचा आपल्या इतिहासाशी एक धागा जोडलेला आहे, तो फारसा सांगितला जात नाही.

सवाई जयसिंह 1743 मध्ये वारले आणि ईश्वरीसिंह व माधोसिंह या भावांमध्ये गादीचा वाद पेटला. मराठे त्यात पैशाच्या बोलीवर उतरले. 1750 च्या डिसेंबरात मल्हारराव होळकर थकलेल्या वसुलीसाठी जयपूरवर चालून आले, तेव्हा ईश्वरीसिंहांनी जीव दिला. पुढच्याच महिन्यात शहरात शिरलेल्या मराठ्यांची मोठी कत्तल झाली. ज्या माधोसिंहांना मराठ्यांनी मदत केली होती, त्यांच्याच राज्यात! पुढे 1787 ला तुंगा, 1800 ला मालपुरा. लढाया बदलल्या, भांडणाचं मूळ तेच: थकलेली खंडणी.

आता सामोदकडे वळू. 2 एप्रिल 1818 रोजी दिल्लीत जयपूरने इंग्रजांशी तह केला. कंपनीच्या बाजूने चार्ल्स मेटकाफ होता आणि जयपूरच्या बाजूने सही करणारे होते सामोदचे रावल बैरीसाल नाथावत. दुसरे बाजीराव तेव्हा अजून इंग्रजांपुढे पळतच होते.

या तहाने जयपूर खंडणीतून सुटलं का? मुळीच नाही. पहिलं वर्ष माफ, दुसऱ्या वर्षी 4 लाख, मग दरवर्षी लाखाची वाढ आणि सहाव्या वर्षापासून 8 लाख. खंडणी राहिली, घेणारा बदलला. आणि ती शेवटी भरायची कोणी? ज्याच्या शेतातून महसूल यायचा त्यानेच. मराठे असोत की कंपनी, त्याच्यासाठी हिशेब तोच होता.

स्वातंत्र्यानंतर 1952 मध्ये राजस्थानात जहागिऱ्या संपवणारा कायदा झाला. महसूल गेला, पण एवढाले वाडे उरले. ते सांभाळायचे कशावर? खुद्द जयपूरच्या महाराजांनी 1957 मध्ये रामबाग पॅलेसचं हॉटेल करून एक वाट दाखवली होती. सामोदसारखी ठिकाणी पुढे त्याच वाटेने गेली. एके काळी शेतसाऱ्यावर चालणारं घर आता पाहुण्यांच्या भाड्यावर चालतं.

उत्तरेतल्या मोहिमा आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगाव्यातही. पण जयपूरने मराठ्यांऐवजी इंग्रजांचा हात का धरला, हे समजून घ्यायचं तर तीच गोष्ट सामोदच्या बाजूनेही ऐकायला हवी. तिथे मुक्काम कराल तेव्हा बैरीसालांची ती सही जरूर आठवा. भेटूया पुढच्या भागात!