मेंदू व मणक्यांची शल्यचिकित्सा

मेंदू व मणक्यांची शल्यचिकित्सा (रूढ नाव : न्यूरोसर्जरी) ही मेंदू, मज्जारज्जू, त्यांची आवरणे व रक्तवाहिन्या आणि त्यांच्यापासून निघणारे मज्जातंतू यांच्या विकारांवर शस्त्रक्रियेने उपचार करणारी वैद्यकशाखा आहे. याच अवयवांच्या विकारांवर औषधांनी उपचार करणारे तज्ज्ञ निराळे असतात. त्यांना न्यूरोफिजिशियन म्हणतात. बोलण्यात दोघांनाही सरसकट ‘मेंदूचे डॉक्टर’ म्हटले जाते. त्यामुळे रुग्ण अनेकदा एकाकडून दुसऱ्याकडे पाठवला जातो आणि नातेवाइकांना ती टोलवाटोलवी वाटते. प्रत्यक्षात मेंदूच्या बहुसंख्य विकारांना शस्त्रक्रिया लागत नाही आणि ज्यांना लागते त्यांतील काहींना ती काही तासांच्या आत लागते. हा फरक वेळेवर ओळखणे हेच या शाखेतील सर्वांत अवघड काम समजले जाते.

स्वरूप

प्रौढ माणसाचा मेंदू साधारणपणे १,३०० ते १,४०० ग्रॅम वजनाचा असतो. त्याच्याभोवती व त्याच्या पोकळ्यांत मिळून सुमारे १५० मिलिलिटर द्रव खेळत असतो. हा सर्व ऐवज कवटीच्या बंद पेटीत असतो. पोटाला सूज आली तर पोट फुगते, पायाला आली तर पाय सुजतो. कवटीला मात्र ताणण्याची सोय नाही. आत रक्ताची गुठळी झाली, गाठ वाढली किंवा पाणी साठले, की प्रथम द्रव व रक्त बाजूला सरून थोडी जागा करून देतात. ती जागा संपली, की दाब एकदम चढतो आणि मेंदूचा भाग खालच्या छिद्राकडे ढकलला जाऊन श्वास चालवणारे केंद्र चेपले जाते. म्हणूनच सकाळपर्यंत ‘बरा’ असलेला रुग्ण दुपारी अत्यवस्थ होतो. कवटीतील बहुतेक तातडीच्या शस्त्रक्रियांचा हेतू हा दाब उतरवणे हाच असतो.

लहान मुलाची कवटी याला अपवाद आहे. तिची हाडे सांधलेली नसल्याने पाणी साठल्यास डोकेच मोठे होत जाते. ‘डोक्यात पाणी होणे’ या नावाने हा विकार ओळखला जातो. त्यात मेंदूतील पाणी पोटात सोडणारी बारीक नळी (शंट) त्वचेखालून बसवतात किंवा दुर्बिणीतून मेंदूच्या पोकळीला नवी वाट करून देतात.

मेंदूच्या ऊतीला स्वतःला वेदना होत नाही. दुखते ती त्वचा, हाडावरील आवरण व मेंदूचे वेष्टन. त्यामुळे बोलण्याच्या केंद्राजवळची गाठ काढताना रुग्णाला काही काळ जागे ठेवता येते. त्याच्याकडून चित्रातील वस्तूंची नावे वदवून घेत, वाचा शाबूत आहे याची खात्री करत शस्त्रक्रिया पुढे नेतात. हे संभाषण रुग्णाच्या मातृभाषेत व्हावे लागते.

इतिहास

कवटीला भोक पाडण्याची क्रिया फार प्राचीन आहे. काश्मीरमधील बुर्झहोम येथील नवाश्मयुगीन उत्खननात अशी छिद्रे असलेली कवटी मिळाली आहे. बौद्ध ग्रंथांत जीवक या वैद्याने राजगृहातील एका श्रेष्ठीचे डोके उघडून उपचार केल्याची कथा येते. मात्र या गोष्टींवरून ‘सगळे आपल्याकडे आधीच होते’ असा निष्कर्ष काढणे योग्य नाही. भूल, जंतुनाशन आणि मेंदूतील कोणता भाग कोणते काम करतो याचे ज्ञान, या तिन्ही गोष्टी एकोणिसाव्या शतकात एकत्र आल्या आणि त्यानंतरच ही शाखा उभी राहिली. १८८४ साली लंडनमध्ये रिकमन गॉडली यांनी केवळ लक्षणांवरून जागा ठरवून मेंदूतील गाठ काढली. गाठ सांगितल्या ठिकाणीच निघाली. रुग्ण मात्र सुमारे महिनाभराने जंतुसंसर्गाने दगावला. १८८७ मध्ये व्हिक्टर हॉर्स्ली यांनी मज्जारज्जूवर दाब देणारी गाठ काढली आणि तो रुग्ण पुन्हा चालू लागला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत हार्वी कुशिंग यांनी मेंदूच्या दोन हजारांहून अधिक गाठींवर शस्त्रक्रिया करून या शाखेला शिस्त लावली.

तरीही कवटीच्या आत काय आहे ते उघडण्यापूर्वी दिसत नसे. ही उणीव सी.टी. स्कॅनने दूर केली. ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनजवळील एका रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला गेला. १९७९ मध्ये त्यांना या शोधासाठी अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे एम.आर.आय.ने मज्जारज्जू व मऊ ऊती स्पष्ट दिसू लागल्या. शस्त्रक्रियेची सूक्ष्मदर्शिका १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात गाझी याशारगिल यांच्या कामामुळे सर्वत्र पसरली.

भारतात या शाखेचा पहिला स्वतंत्र विभाग जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात सुरू केला. पाठोपाठ १९५० मध्ये बी. राममूर्ती यांनी मद्रासला काम आरंभले. १९५१ मध्ये न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. मुंबईत राम गिंडे आणि एच. एम. दस्तूर यांच्या पिढीने पाया घातला. परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेले के.ई.एम. रुग्णालय हे पुढे राज्यभरातील रुग्णांचे आशास्थान झाले.

मानेच्या सांध्यावरील मुंबईचे काम

कवटी जेथे मानेवर टेकते त्या ठिकाणी पहिला मणका (अ‍ॅटलस) दुसऱ्या मणक्याभोवती (अ‍ॅक्सिस) फिरतो. ‘नाही’ म्हणताना मान हलते ती मुख्यतः या सांध्यात. जन्मजात दोष, क्षयरोग, संधिवात किंवा अपघात यांमुळे हा सांधा निखळला, तर मधून जाणारा मज्जारज्जू चेपला जातो. हातापायांत मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, बटणे लावता न येणे अशी लक्षणे हळूहळू वाढतात. तिथूनच श्वसनाचे मार्ग जात असल्याने हा विकार प्राणघातक ठरू शकतो. भारतात या सांध्याचे जन्मजात दोष बरेच आढळतात. मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ नोशिर वाडिया यांनी १९६७ मध्ये अशा रुग्णांचा प्रसिद्ध केलेला अभ्यास आजही उद्धृत केला जातो.

पूर्वी हे दोन मणके तारेने बांधत. तार सैल होई किंवा तुटे, आणि रुग्णाला महिनोन्‌महिने मान जखडून राहावे लागे. के.ई.एम.मधील अतुल गोयल यांनी १९८८पासून पहिल्या व दुसऱ्या मणक्याच्या बाजूच्या भागांत थेट स्क्रू बसवून ते पट्टीने जोडण्याची रीत वापरली. व्ही. लाहेरी यांच्यासह त्यांनी ती १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. या जागेलगत मेंदूला रक्त नेणारी धमनी आणि शिरांचे जाळे असल्याने तेथे स्क्रू घालणे हे धाडस होते. २००१ मध्ये जर्मनीचे युर्गेन हार्म्स यांनी पट्टीऐवजी सळी वापरून तिचा सुधारित प्रकार मांडला. आज जगभर ही शस्त्रक्रिया गोयल-हार्म्स पद्धती म्हणून ओळखली जाते. महापालिकेच्या रुग्णालयात जन्मलेली आणि जगाने स्वीकारलेली ही रीत असूनही मराठी पाठ्यपुस्तकांत तिचा उल्लेख सहसा सापडत नाही.

डोक्याला मार

तातडीच्या शस्त्रक्रियांचे सर्वांत मोठे कारण डोक्याची इजा हे आहे, आणि तिचे सर्वांत मोठे कारण रस्त्यावरील अपघात. बाहेर जखम नसलेल्या इजेला मराठीत ‘मुका मार’ म्हणतात. तो किरकोळ समजण्याची प्रवृत्ती मेंदूच्या बाबतीत घातक आहे.

कानशिलाजवळचे हाड पातळ असते व त्याच्या आतून एक धमनी जाते. तेथे तडा गेला, की हाड व आवरण यांच्यामध्ये रक्त साठू लागते. रुग्ण क्षणभर बेशुद्ध होतो, मग उठतो, घरच्यांशी बोलतो, चहाही पितो. काही तासांनी डोके दुखू लागते, उलट्या होतात, झोप येते. ‘दमला आहे, झोपू द्या’ असे म्हणण्याची वेळ नेमकी हीच असते. ग्लानी वाढते, मार लागलेल्या बाजूच्या डोळ्याची बाहुली मोठी होते आणि दुसऱ्या बाजूचे हातपाय लुळे पडतात. या टप्प्यापूर्वी गुठळी काढली गेल्यास रुग्ण बहुधा पूर्ण बरा होतो, कारण मेंदूला स्वतःला फारशी इजा झालेली नसते. म्हणूनच असा मृत्यू टाळता येण्यासारखा मानला जातो.

आवरणाखाली झालेली ताजी गुठळी अधिक गंभीर असते. १९८१ साली अमेरिकेत सीलिग व सहकाऱ्यांनी अशा ८२ बेशुद्ध रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चार तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण ३० टक्के, तर उशीर झालेल्यांत ९० टक्के होते. नंतरच्या सर्वच अभ्यासांत हा फरक इतका ठळक दिसला नाही. पण दिशा तीच राहिली.

रुग्ण किती शुद्धीवर आहे हे सांगण्यासाठी ग्लासगो येथे १९७४ मध्ये तयार झालेली मापनपट्टी वापरतात. डोळे उघडणे, बोलणे व हालचाल यांचे गुण मिळून ३ ते १५ अशी संख्या येते; ८ किंवा कमी म्हणजे गंभीर इजा. दूरध्वनीवरून दोन डॉक्टरांत ‘पेशंट सात आहे’ असे बोलणे होते ते याच हिशेबाने.

वृद्धांत याच आजाराचा एक सौम्य भासणारा प्रकार आढळतो. न्हाणीघरात घसरून लागलेला किरकोळ मार विसरला जातो आणि तीन-चार आठवड्यांनी विसराळूपणा, असंबद्ध बोलणे, पाय ओढत चालणे सुरू होते. घरात ते ‘वयोमानाने’ म्हणून सोडून दिले जाते. खरे तर आवरणाखाली पातळ झालेले जुने रक्त साठलेले असते. कवटीला एक-दोन छिद्रे पाडून ते काढले, की माणूस अनेकदा काही दिवसांत पूर्ववत होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत हा धोका अधिक असतो.

इतर विकार

मेंदूतील गाठ म्हणजे कर्करोगच असा समज रूढ आहे. आवरणापासून वाढणाऱ्या पुष्कळ गाठी कर्करोगाच्या नसतात व पूर्ण काढता येतात. पीयूषिका ग्रंथीच्या गाठी बहुधा नाकावाटे दुर्बिणीने काढतात. भारतात स्कॅनमध्ये दिसणारी लहान गाठ पुष्कळदा क्षयरोगाची किंवा फीतकृमीच्या अळीची असते आणि ती बहुधा औषधांनी विरघळते. अशा गाठीमुळे आकडी येते. आकडी आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा उपयोग नसतो. त्याला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये. रक्तवाहिनीला आलेला फुगा फुटल्यास आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी अचानक उठते. त्यावर कवटी उघडून चिमटा लावतात किंवा मांडीतील धमनीतून तार नेऊन फुगा आतून भरून टाकतात.

मणक्यांचे विकार

कंबरदुखीच्या प्रत्येक रुग्णाला हल्ली ‘मणक्यात गॅप’ असते. हा शब्द वैद्यकीय निदान नव्हे. दोन मणक्यांमधील गादी झिजणे हे केस पिकण्याइतके स्वाभाविक असून चाळिशीनंतर दुखणे नसलेल्यांच्या एम.आर.आय.मध्येही ते दिसते. गादीचा भाग मागे सरकून नस दाबली, तर कळ कमरेतून पायात उतरते. हा संबंध मिक्स्टर व बार यांनी १९३४ मध्ये दाखवून दिला. असे बहुतेक रुग्ण सहा ते आठ आठवड्यांत विश्रांती, औषधे व व्यायामाने बरे होतात. पाय लुळा पडत जाणे, बैठकीच्या जागी बधिरता येणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे ही लक्षणे मात्र वाट पाहण्याची नव्हेत. तेथे दिवस नव्हे, तास मोजले जातात. मणक्याच्या क्षयरोगात औषधे हाच मुख्य उपचार असून मज्जारज्जू दबला असेल किंवा कणा वाकत असेल तर शस्त्रक्रिया करतात.

खानदेशातील स्थिती

सुरत–धुळे–जळगाव–नागपूर हा राष्ट्रीय महामार्ग ५३ खानदेशातून आडवा जातो व धुळ्याला आग्रा रस्त्यास छेदतो. भुसावळजवळील दीपनगर येथे औष्णिक वीज केंद्र व त्याची वसाहत याच महामार्गालगत आहे. राख वाहणारी वाहने, केळीचे ट्रक, ऊस व कापसाच्या ट्रॉल्या आणि पाळीवरून घरी जाणारे दुचाकीस्वार यांची येथे एकत्र वर्दळ असते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ नुसार दुचाकीस्वारास हेल्मेट सक्तीचे आहे.

भुसावळ ते मुंबई हे लोहमार्गाचे अंतर सुमारे ४४५ किलोमीटर आहे. जिल्ह्यात स्कॅनची सोय नव्हती त्या काळात ‘मुंबईला हलवा’ या सल्ल्याचा अर्थ रात्रभराचा प्रवास असा होता. वर सांगितलेले चार तास मनमाड-नाशिकच्या आसपासच संपत. गाठ किंवा मणक्याच्या विकारांचे रुग्ण तो प्रवास करून बरे होऊन परतत. डोक्याला मार लागलेल्यांना ती सवलत नव्हती. पुढे जळगाव व धुळे शहरांत स्कॅनची यंत्रे व शल्यचिकित्सक आले. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झाले.

खर्चाच्या बाबतीत दोन जिल्ह्यांची वाट काही काळ निराळी होती. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत धुळे होते, जळगाव नव्हते; तेथे ती नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली तेव्हा पोहोचली. पुढे तिला महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना हे नाव मिळाले. मेंदू व मणक्यांच्या अनेक शस्त्रक्रिया तिच्यात समाविष्ट आहेत. ‘१०८’ ही रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून आहे.

अपघातस्थळी मदत करणाऱ्यास पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीती आजही ऐकू येते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १३४-अ अशा व्यक्तीला संरक्षण देते. जखमीला बसवून किंवा दुमडून रिक्षात घालणे, बेशुद्ध असताना तोंडात पाणी ओतणे या दोन गोष्टींनी मूळ इजेत भर पडते. पहिलीने मानेचा मज्जारज्जू दुखावू शकतो, दुसरीने पाणी फुप्फुसात जाते. मान व पाठ एका रेषेत धरून फळीवर वा ताठ चादरीवर उचलणे इष्ट असते. रुग्णालयात पोहोचल्यावर शल्यचिकित्सक प्रथम विचारतात त्या गोष्टी साध्या असतात : मार नेमका किती वाजता लागला, त्यानंतर रुग्ण बोलला का, उलटी झाली का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का. सोबत आलेल्या माणसाने मार लागण्याची वेळ पाहून ठेवली असेल, तर पुढचा निर्णय त्या उत्तरावरून घेतला जातो.