सरपंच, अर्जुन आणि बोलेरो

आमच्या बीड जिल्ह्यात ट्रॅक्टरचं नाव 'सरपंच' असतं आणि सरपंचाच्या गाडीचं नाव 'बोलेरो'. दोन्ही एकाच कंपनीच्या, आणि बऱ्याचदा एकाच घरासमोर उभ्या. ट्रॅक्टरांना सरपंच, भूमिपुत्र, अर्जुन अशी घरची नावं देणाऱ्या महिंद्राने जीपच्या जातीतल्या गाड्यांना मात्र कधी कमांडर, मार्शल, आर्माडा म्हटलं, तर कधी बोलेरो नि स्कॉर्पिओ. घेणारा माणूस तोच, चालवणारा हातही तोच, मग नावांत एवढा फरक का? हा प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळत होता. त्यावर थोडं वाचलं, थोडं आठवलं, ते इथे टाकतोय. लांबलंय जरा, सांभाळून घ्या.

सुरुवात जीपपासूनच करायला हवी, कारण ते नाव कुणी ठेवलं यावर अजून भांडण मिटलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करासाठी ही गाडी झाली. कुणी म्हणतं 'जनरल पर्पज'च्या जी-पी या अक्षरांची जीप झाली. कुणी म्हणतं पॉपायच्या चित्रकथेत 1936 साली 'युजीन द जीप' नावाचा एक अजब प्राणी आला होता, कुठेही जाणारा, काहीही करू शकणारा; सैनिकांनी त्याच्यावरून हे नाव घेतलं. मला दुसरी गोष्ट जास्त आवडते, पण आवडण्यावर इतिहास ठरत नाही. एवढं नक्की की नाव आधी शिपायांच्या तोंडी बसलं आणि विलिस कंपनीने ते आपल्या नावावर करून घेतलं ते युद्ध संपल्यावर, 1950 साली. मग ते इतरांना बंद झालं. टोयोटाने 1951 साली आपल्या गाडीला 'टोयोटा जीप' म्हटलं होतं, तिला 1954 साली 'लँड क्रूझर' व्हावं लागलं.

आपल्याकडे विलिसच्या जीपा जोडायचं काम घेतलं महिंद्राने. ही कंपनी 1945 साली सुरू झाली तेव्हा तिचं नाव होतं 'महिंद्रा अँड मोहम्मद'. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. 1948 साली कंपनी 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. आद्याक्षरं तीच राहिली! म्हणजे नाव बदलण्याचा सराव या घराण्याला पहिल्यापासूनच.

मराठीने 'जीप' हा शब्द लगेच पोटात घेतला. जीपगाडी म्हणा, लाडात किंवा रागात जिपडं म्हणा. 1962 साली जिल्हा परिषदा आल्या आणि जि.प.ची जीप हा विनोद तेव्हापासून आजपर्यंत शिळा व्हायचं नाव घेत नाही. असंच 'टेम्पो'चं झालं. हॅम्बुर्गच्या एका कंपनीच्या तीनचाकीचं ते नाव. 1958 साली बजाज टेम्पो निघाली, आणि काही वर्षांत माल वाहणारी कुठलीही गाडी टेम्पो झाली. मूळ कंपनीचं नाव 2005 साली 'फोर्स' झालं, टेम्पोवाला मात्र टेम्पोवालाच राहिला.

जीप लष्करातून आली म्हणून तिच्या लेकरांना नावंही लष्करी मिळाली. कमांडर, मेजर, मार्शल, इन्व्हेडर, आर्माडा. आर्माडा म्हणजे स्पेनचं ते आरमार, 1588 साली इंग्लंडवर चालून गेलेलं आणि हरलेलं. हरलेल्या आरमाराचं नाव गाडीला द्यायचं आणि ती समुद्रापासून दिवसभराच्या वाटेवर असलेल्या बालाघाटाच्या डोंगरात विकायची, याला धाडस म्हणावं की बेफिकिरी, तुम्हीच ठरवा.

पण या सगळ्यांत खरी आमची ती कमांडर. बीड शहराला रेल्वे नव्हती. जिल्ह्यात परळीला होती, पण बीडला अहिल्यानगरहून प्रवासी गाडी आली ती थेट 17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. निजामाच्या राज्यातून मराठवाडा सुटला त्याला तेव्हा सत्याहत्तर वर्षं झाली होती. मधल्या काळात एसटी होती, आणि एसटी चुकली किंवा गावात येतच नसली तर काळी-पिवळी होती. सातारा-कोल्हापूरकडे जिला वडाप म्हणतात ती. मागे समोरासमोर बाकडी, टपावर पोती नि कोंबड्या, आणि ड्रायव्हरच्या उजव्या हाताला, म्हणजे दाराच्या बाजूलाही एक माणूस. गाडी नक्की कोण चालवतंय हे बाहेरून कळायचं नाही. क्लीनर मागच्या पायरीवर लोंबकळत "केज, केज, केज" नाहीतर "मांजरसुंबा, मांजरसुंबा" ओरडायचा. "कशानं आलात?" असं घरी विचारलं की उत्तर "कमांडरनं". आमची आजी हा शब्द इतक्या सहज म्हणायची की तो लष्करी हुद्दा आहे हे मला शाळेत कळलं तेव्हा हसू आलं. तिच्या लेखी कमांडर म्हणजे दवाखान्याला, बाजाराला आणि माहेराला नेणारी वस्तू.

कंपनीने हुद्दा दिला आणि लोकांनी त्याचं भाडं ठरवलं.

नव्वदीत पैलवान आले. बजाज टेम्पोच्या ट्रॅक्समध्ये एक 'जुडो' होती, एक 'गामा' होती. आणि 1994 साली टाटांची सुमो आली. रुंद, दणकट, बसकी, त्यामुळे जपानी पैलवानावरूनच नाव ठेवलं असणार असं सगळ्यांनी धरून टाकलं. प्रत्यक्षात ते नाव एका मराठी माणसाचं आहे. सुमंत मुळगावकर यांच्या नावातला 'सु' आणि आडनावातला 'मो', इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे. मुळगावकर म्हणजे टेल्को उभी करणारे इंजिनिअर. पुण्याचा कारखाना उभारताना आवारात झाडं लावणारे, तळं करणारे. ते 1989 साली गेले, गाडी पाच वर्षांनी आली आणि 2019पर्यंत चालली. पंचवीस वर्षं मराठवाड्यातली लग्नाची वऱ्हाडं एका मराठी आडनावात बसून गेली, आणि बसलेल्यांतल्या बहुतेकांना ते ठाऊक नव्हतं. नाव ठेवण्याची ही मला सगळ्यांत सभ्य रीत वाटते. सन्मानही झाला आणि फलकही लागला नाही.

'सफारी'चीही गंमत आहे. 1998 साली ती आली तेव्हा अगदी साहेबी वाटली. पण सफारी हा स्वाहिली शब्द, आणि तो निघाला अरबी 'सफर'वरून. म्हणजे आपलीच सफर आफ्रिकेला जाऊन, तिथून इंग्रजीत शिरून, चार चाकांवर घरी परत आली. पुढे 2021 साली नव्या गाडीला टाटा 'ग्रॅव्हिटास' म्हणणार होते, पण ऐनवेळी 'सफारी'वरच परतले. बरं केलं. 'ग्रॅव्हिटास'चं आमच्याकडे काय झालं असतं याची कल्पना करवत नाही :-)

महिंद्राने 2000 साली बोलेरो आणि 2002 साली स्कॉर्पिओ आणली आणि तिथून 'ओ'चं प्रकरण सुरू झालं. झायलो, क्वांटो, मराझ्झो... शेवट ओकारान्त हवाच. आकड्यांचं नाव ठेवलं तरी 'एक्सयूव्ही फाइव्ह डबल ओ', शून्याचाही ओ केला! बोलेरो हा स्पेनचा नाच, आखूड जाकिटालाही तेच नाव. स्कॉर्पिओ म्हणजे वृश्चिक रास. बोलेरो नाच कसा असतो हे बीड जिल्ह्यात कुणी पाहिलंय असं वाटत नाही, पण 'बुलेरो' म्हटलं की कुठल्या माणसाची, किती वजनाची, हे सगळ्यांना कळतं.

आता मूळ प्रश्न. मला वाटतं नाव गाडीकडे पाहून ठरत नाही, आत कोण बसणार याचा जो अंदाज कंपनीने बांधलेला असतो त्याकडे पाहून ठरतं. ट्रॅक्टर घेणारा शेतकरी हे गृहीत, म्हणून त्याला ओळखीचं, मानाचं नाव: सरपंच, अर्जुन. जीप घेणाऱ्याला मात्र आहे तिथून दुसरीकडे जायचंय असं धरलेलं असतं. म्हणून वाळवंटं, डोंगर, परमुलुख: सिएरा, सफारी, थार. खरं म्हणजे रस्ता सोडून जायची पाळी रोज येते ती ट्रॅक्टरवर. पावसाळ्यात काळ्या रानातल्या पांदणीने आत शिरून बघा, भल्याभल्या स्कॉर्पिओ बांधावर उभ्या राहतात आणि 'सरपंच' त्यांना ओढून काढतो.

नावाला परवानगीही लागते, निदान कागदावर. व्यापारचिन्हांत वाहनांचा बारावा वर्ग असतो, तिथे आधी कुणी बसलेलं नाही ना हे पाहावं लागतं. शेजारच्या वर्गातूनही भांडण येतं. 2024च्या डिसेंबरात 'बीई 6ई' या नावावरून इंडिगो विमानकंपनी कोर्टात गेली, कारण 6ई हा त्यांचा संकेत. गाडी नुसती 'बीई 6' झाली. अर्थही तपासावा लागतो. मित्सुबिशीच्या 'पजेरो'चा स्पॅनिश अर्थ इथे लिहिता येणार नाही (नातेवाईक वाचतात), तिकडे ती 'मोंतेरो' म्हणून विकली गेली.

पण काही नावांच्या मालकांना कुणी विचारतच नाही. जीपची 'चेरोकी' 1974पासून आहे. 2021 साली चेरोकी नेशनचे प्रमुख चक हॉस्किन यांनी सांगितलं की आमचं नाव गाडीच्या अंगावर असण्याने आमचा सन्मान होत नाही. 2023 साली ती गाडी बंद झाली, आणि 2025 साली नवी आली ती त्याच नावाने. फोक्सवॅगनची 'तुआरेग' म्हणजे सहारातले भटके लोक. मारुतीची 'जिप्सी' तर आपल्या पोलिसांनी वर्षानुवर्षं चालवली. भटक्यांची नावं गाड्यांना फार शोभतात असं दिसतं, फक्त ते भटके दूरचे हवेत.

आमच्याकडे भटकणं काय असतं ते दिवाळीच्या आसपास दिसतं. बीडमधून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. ट्रॅक्टरवर 'अर्जुन' लिहिलेलं, मागच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, लेकरं, चिपाडं-कापडांच्या खोपीचं सामान. मुकादम उचल देतो ती 'कोयत्या'वर. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. कुठे लोकांचं नाव गाडीला, कुठे हत्याराचं नाव माणसांना. "यंदा किती कोयते गेले?" हा प्रश्न आमच्याकडे इतका रोजचा आहे की तो ऐकून कुणी थबकत नाही. मुकादम स्वतः बहुधा बोलेरोतून पुढे गेलेला असतो.

हल्ली सगळीकडे थार. 2010 साली आली, पण पोरांच्या डोक्यात शिरली ती 2020च्या नव्या अवतारानंतर. राजस्थानचं वाळवंट, पण मराठी कानाला आधी 'थारा' ऐकू येतो. "थार घेतल्यापासून डोकं थाऱ्यावर नाही" हे वाक्य मी किमान तीन चुलत्यांच्या तोंडून, आपापल्या पोरांबद्दल, ऐकलंय.

असो. कंपनी काहीही म्हणो, खरं बारसं मागच्या काचेवर होतं. 'आई-दादांचा आशीर्वाद', 'भगवानबाबा प्रसन्न', लेकीचं नाव, किंवा मग नुसतंच 'सरपंच', बोलेरोवर. टाटांच्या 'एस'ला लोकांनी 'छोटा हत्ती' केलं आणि आता तेच नाव चालतं. गाडी विकली की नवा मालक आधी ब्लेड घेऊन काचेवरची अक्षरं खरवडतो. डिंकाचा डाग बरेच दिवस राहतो, उन्हात नीट पाहिलं तर आधीच्याच्या लेकीचं नाव वाचता येतं.